पेशींच्या पंगतीत काय वाढायचं आणि किती? ‘परफ्यूजन’ औषधनिर्मितीतलं मीडियाचं गणित

जून २००९. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जेन्झाइम कंपनीच्या ऑल्स्टन कारखान्यातलं उत्पादन अचानक थांबवावं लागलं. आग लागली नव्हती, संप नव्हता, यंत्रही बिघडलं नव्हतं. औषध तयार करणाऱ्या जिवंत पेशींच्या टाकीत एक विषाणू सापडला होता. त्याचं नाव वेसिव्हायरस २११७.

हा विषाणू माणसाला आजारी पाडतो असं आढळलेलं नव्हतं. पण तो पेशींची वाढ रोखत होता. आणि याच कारखान्यातल्या पेशी ‘सेरेझाइम’ आणि ‘फॅब्राझाइम’ ही दोन औषधं बनवत होत्या. पहिलं गोशे या दुर्मिळ आजारावरचं, दुसरं फॅब्री या आजारावरचं. जगभरातले हजारो रुग्ण त्यांवर अवलंबून होते. पुढचे कित्येक महिने औषधाचा तुटवडा राहिला. अनेक रुग्णांना कमी डोसवर भागवावं लागलं.

मग विषाणू आत आला कुठून? कंपनीने दिलेलं उत्तर असं होतं: बहुधा पेशींना दिल्या जाणाऱ्या एका पोषक घटकातून. म्हणजे पेशींच्या खाण्यातून.

पेशींच्या या खाण्याला ‘कल्चर मीडिया’ म्हणतात. इथे मीडियाचा टीव्ही किंवा वर्तमानपत्रांशी काही संबंध नाही. साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं विरघळवलेलं हे पाणी असतं. ‘परफ्यूजन’ नावाच्या पद्धतीत ते टाकीतून दिवसरात्र वाहत असतं. ते कसं निवडतात, कसं वापरतात आणि त्यावर इतकं काही का अवलंबून असतं, ते समजून घेऊया.

औषधासाठी जिवंत पेशी कशाला लागतात?

पॅरासिटामॉलसारखी गोळी रासायनिक अभिक्रियांनी बनवता येते. तिचा रेणू लहान असतो. पण कर्करोगावरच्या अँटिबॉडी, हिमोफिलियावरचं फॅक्टर ८ किंवा गोशेच्या रुग्णांना लागणारं एन्झाइम ही भलीमोठी प्रथिनं आहेत. त्यांची घडी नेमकी पडावी लागते आणि त्यांवर साखरेच्या साखळ्या ठरलेल्या जागी चिकटाव्या लागतात. हे काम सस्तन प्राण्यांच्या पेशी उत्तम करतात.

या उद्योगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पेशी चायनीज हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या अंडाशयातून आल्या. शास्त्रज्ञ थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये त्या प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांना सीएचओ पेशी म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकेत रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या टीपीए या औषधाला मान्यता मिळाली. सस्तन प्राण्यांच्या पेशींत तयार झालेलं आणि बाजारात आलेलं जनुकीय तंत्रज्ञानाचं ते पहिलं प्रथिन औषध. तेही सीएचओ पेशींनीच बनवलं होतं.

या पेशी बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे तापमान, प्राणवायू आणि आम्लता यांवर नियंत्रण असलेल्या टाकीत वाढतात. त्या खातात, वाढतात, हवं ते प्रथिन बाहेर सोडतात आणि सोबत कचराही सोडतात.

बॅच, फेड-बॅच आणि परफ्यूजन: फरक काय?

पंगतीचं उदाहरण घ्या.

बॅच पद्धतीत सगळ्यांची ताटं एकदाच वाढून ठेवतात. जेवण संपलं की पंगत संपली.

फेड-बॅच पद्धतीत वाढपी अधूनमधून येतात आणि लागेल तसं वाढत जातात. पण उष्टं कोणी उचलत नाही. कचरा साठत जातो आणि साधारण १० ते १४ दिवसांत पंगत आटोपावी लागते. आज बहुतेक अँटिबॉडी औषधं याच पद्धतीने बनतात.

परफ्यूजनमध्ये वाढणं आणि उष्टं उचलणं एकाच वेळी चालू असतं. ताजा मीडिया सतत आत येतो. तेवढाच वापरलेला द्रव बाहेर जातो आणि त्यासोबत तयार झालेलं प्रथिनही बाहेर येतं. पेशी मात्र आतच अडवून ठेवतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी पोकळ तंतूंचा फिल्टर वापरतात. त्याची छिद्रं साधारण ०.२ मायक्रॉनची असतात, म्हणजे पेशीच्या मानाने फारच लहान. काही ठिकाणी जड पेशी तळाशी बसवून वरचा द्रव काढून घेतात.

अशी टाकी एक-दोन महिने किंवा त्याहूनही जास्त काळ चालते. फेड-बॅचमध्ये एका मिलिलिटरमध्ये साधारण १ ते ३ कोटी पेशी असतात. परफ्यूजनमध्ये ५ ते १० कोटी सहज असतात. त्यामुळे लहान टाकीतून मोठ्या टाकीइतकं उत्पादन निघू शकतं.

दुसरा फायदा नाजूक प्रथिनांचा. फॅक्टर ८ किंवा गोशेचं एन्झाइम ३७ अंशांच्या उबदार टाकीत फार दिवस राहिलं तर खराब होतं. परफ्यूजनमध्ये ते साधारण एका दिवसात किंवा त्याआधीच बाहेर पडून थंड जागी जातं. म्हणूनच अशी औषधं बनवणाऱ्यांनी ही पद्धत फार आधी स्वीकारली.

पण या फायद्याची किंमत आहे. ती म्हणजे मीडिया, आणि तो प्रचंड प्रमाणात लागतो.

मीडियात नेमकं असतं काय?

आधुनिक मीडियात पन्नासहून अधिक घटक असू शकतात. ढोबळमानाने ते असे:

• ग्लुकोज: ऊर्जेचा मुख्य स्रोत.
• अमिनो आम्लं: पेशीच्या वाढीची आणि औषधाच्या प्रथिनाची वीट.
• जीवनसत्त्वं, विशेषतः ब गटातली.
• सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार.
• लोह, तांबं, जस्त, मँगनीज यांसारखे धातू, अगदी अत्यल्प प्रमाणात.
• आम्लता स्थिर ठेवणारे घटक, जसं सोडियम बायकार्बोनेट.
• पोलोक्झामर १८८: हवेच्या बुडबुड्यांच्या फुटण्यापासून पेशींना वाचवणारा घटक.

ही यादी एका दिवसात तयार झालेली नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी १९५५ मध्ये पेशींना जगायला नेमकं काय लागतं ते शोधून काढलं. त्याआधी पेशींना प्राण्यांच्या ऊतींचा अर्क आणि रक्तद्रव द्यायची पद्धत होती. त्यात काय आहे हे कोणालाच नीट माहीत नसायचं. १९६५ मध्ये रिचर्ड हॅम यांनी एफ-१२ हा मीडिया मांडला. तो तर सीएचओ पेशींसाठीच बेतलेला होता.

तरीही पुढची कित्येक वर्षं मीडियात ५ ते १० टक्के सीरम घातलं जायचं. सीरम म्हणजे गुठळी झाल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग. ते बहुतेकदा गाईच्या पोटातल्या वासराचं असायचं. पेशी त्यावर छान वाढतात. पण प्रत्येक खेपेचं सीरम वेगळं, महाग, आणि प्राण्यातला एखादा रोगकारक घटक सोबत येण्याची भीती कायम. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ रोगाचा माणसांच्या आजाराशी संबंध जाहीर झाला. त्यानंतर प्राणिजन्य घटक टाळण्याकडे कल वाढला.

आज नवीन औषधांसाठी ‘केमिकली डिफाइन्ड’ मीडिया पसंत करतात. त्यात प्रत्येक घटक माहीत असतो, प्रत्येकाचं प्रमाण माहीत असतं आणि सीरम नसतं.

फेड-बॅचचाच मीडिया परफ्यूजनला का चालत नाही?

चालू शकतो, पण अनेकदा परवडत नाही. कारण दोन्हींकडून अपेक्षा वेगळ्या आहेत.

फेड-बॅचमध्ये सुरुवातीचा मीडिया सौम्य असतो आणि नंतर घट्ट, संपृक्त खुराक थोडा थोडा घालतात. परफ्यूजनमध्ये एकच मीडिया आत येत राहतो. त्या एकाच द्रवाने गर्दीतल्या प्रत्येक पेशीचं पोट भरायचं असतं. सौम्य मीडिया वापरला तर तो खूप ओतावा लागतो. मग औषध पातळ होतं, टाक्या मोठ्या लागतात आणि फिल्टरवर ताण येतो.

उपाय सोपा वाटतो: मीडिया घट्ट करा. पण इथे तीन अडचणी येतात.

पहिली, क्षारता. पेशींना साधारण रक्ताइतकाच संपृक्त द्रव सोसतो. शास्त्रीय भाषेत २८० ते ३२० मिलिऑस्मोल प्रति किलो. सगळे घटक दुप्पट केले तर हा आकडा बराच वर जातो आणि पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून पोषक घटक वाढवताना साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, कमी करून जागा करावी लागते.

दुसरी, विरघळणं. टायरोसिन हे अमिनो आम्ल पाण्यात फार कमी विरघळतं. एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅमही नीट नाही. सिस्टीनचंही तसंच. प्रमाणाबाहेर घातलं तर ते खाली साका होऊन बसतं. म्हणजे कागदावर पेशींना मिळतं, प्रत्यक्षात टाकीच्या तळाशी राहतं. म्हणून टायरोसिनचं जास्त विरघळणारं रूप वापरणं यासारखे मार्ग काढावे लागतात.

तिसरी, कचरा. जास्त ग्लुकोज दिलं तर पेशी ते नीट न वापरता लॅक्टेटमध्ये बदलू शकतात. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल जास्त दिलं तर अमोनिया वाढतो. अमोनिया वाढला की पेशींची वाढ मंदावते आणि प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्याही बदलू शकतात. साखळी बदलली की औषधाचा परिणाम बदलू शकतो. त्यामुळे काही सीएचओ पेशींना जनुकीय बदल करून स्वतःचं ग्लुटामिन स्वतः बनवायला शिकवलेलं असतं. अशा पेशींना ग्लुटामिन नसलेला मीडिया चालतो.

थोडक्यात, परफ्यूजनचा मीडिया भरपेट हवा, पण जड नको.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा: एका पेशीमागे किती?

परफ्यूजनचा वेग सांगताना ‘दिवसाला किती टाक्या’ असं मोजतात. ५०० लिटर पेशीद्रव असलेल्या टाकीत दिवसभरात ५०० लिटर मीडिया गेला, तर वेग १. हजार लिटर गेला तर वेग २.

पण हा आकडा अर्धंच चित्र दाखवतो. पंगतीत किती पातेली भात लागला, यावरून कोणाचं पोट भरलं ते कळत नाही. पाहुणे किती होते तेही सांगावं लागतं. म्हणून खरा आकडा आहे दर पेशीमागे दिवसाला किती मीडिया. त्याला सीएसपीआर म्हणतात आणि तो पिकोलिटरमध्ये मोजतात. एक मिलिलिटर म्हणजे १०० कोटी पिकोलिटर.

आता गणित करून पाहू.

समजा टाकीत ५०० लिटर द्रव आहे आणि दर मिलिलिटरमध्ये ५ कोटी पेशी आहेत.

• प्रत्येक पेशीला दिवसाला ५० पिकोलिटर लागत असतील, तर वेग २.५. म्हणजे दिवसाला १,२५० लिटर मीडिया. ३० दिवसांत ३७,५०० लिटर.
• तेच काम २० पिकोलिटरमध्ये भागत असेल, तर वेग १. दिवसाला ५०० लिटर. ३० दिवसांत १५,००० लिटर.

टाकी तीच, पेशी त्याच, दिवसही तेवढेच. फरक २२,५०० लिटरचा. हा मीडिया इंजेक्शनच्या दर्जाच्या शुद्ध पाण्यात कालवावा लागतो, गाळावा लागतो, साठवावा लागतो. शिवाय दुसऱ्या प्रकारात बाहेर येणाऱ्या द्रवातलं औषधही जास्त दाट असतं, त्यामुळे पुढचं शुद्धीकरण सोपं जातं.

पण २० पिकोलिटरमध्ये भागवायचं तर त्या थेंबात पुरेसं अन्न हवं. समजा एक पेशी दिवसाला १५० पिकोग्राम ग्लुकोज खाते. ५० पिकोलिटर मिळत असतील तर लिटरमागे ३ ग्रॅम ग्लुकोज पुरतं. २० पिकोलिटरच मिळत असतील तर ७.५ ग्रॅम लागतं. हाच हिशेब प्रत्येक अमिनो आम्लाला आणि प्रत्येक जीवनसत्त्वाला लागू होतो. ज्या घटकाचा साठा सगळ्यात आधी संपतो, तोच मर्यादा ठरवतो.

म्हणूनच मीडियाची लिटरमागची किंमत पाहून निवड करणं फसवं ठरू शकतं. स्वस्त मीडिया अडीचपट ओतावा लागला, तर तो स्वस्त राहत नाही. खरी तुलना करायची ती तयार झालेल्या औषधाच्या प्रत्येक ग्रॅममागे किती खर्च आला याची.

मीडिया निवडतात कसा?

कोणताही एक मीडिया सगळ्या पेशींना चालत नाही. एकाच सीएचओ कुळातल्या दोन पेशींच्या आवडीही वेगळ्या निघतात. त्यामुळे निवड टप्प्याटप्प्याने होते.

१. चाळणी. बाजारात मिळणारे आठ-दहा मीडिया किंवा त्यांची मिश्रणं लहान नळ्यांमध्ये तपासतात. इथे खरं परफ्यूजन नसतं. रोज पेशी तळाशी बसवून जुना द्रव काढतात आणि नवा घालतात. अनेक ठिकाणी सुरुवात सोपी असते: फेड-बॅचचा मूळ मीडिया आणि त्याचाच घट्ट खुराक वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पाहायचा.

२. उष्ट्याची तपासणी. बाहेर आलेल्या द्रवात काय उरलं आणि काय संपलं ते मोजतात. एखादं अमिनो आम्ल शून्यावर आलं असेल तर ते वाढवायचं. एखादं जसंच्या तसं परत येत असेल तर ते कमी करायचं. पंगतीत कोणती भाजी संपली आणि कोणती पानात राहिली, हे बघूनच पुढच्या पंगतीचा अंदाज बांधतात, तसंच.

३. खालची मर्यादा शोधणं. पेशींची संख्या स्थिर ठेवून मीडियाचा वेग पायरीपायरीने कमी करत जातात. एका टप्प्यावर पेशी मरू लागतात, उत्पादन घटतं किंवा औषधाचा दर्जा ढळतो. त्याच्या थोडं वर थांबायचं. अगदी काठावर नाही, कारण मोठ्या कारखान्यात पंप थोडाफार मागेपुढे होतोच.

४. दर्जाची परीक्षा. उत्पादन वाढलं म्हणून काम झालं असं नाही. मँगनीजचं प्रमाण बदललं तरी अँटिबॉडीवरच्या साखरेच्या साखळ्या बदलू शकतात. तांब्याचा परिणाम लॅक्टेटवर होतो. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर प्रथिनाची तपासणी होते.

५. लांब पल्ल्याची चाचणी. पहिल्या दहा दिवसांत उत्तम दिसणारा मीडिया चाळिसाव्या दिवशी दगा देऊ शकतो. म्हणून खऱ्या मुदतीइतकी, फिल्टर लावून, लहान बायोरिॲक्टरमध्ये चाचणी घेतात. पुरवठादाराच्या वेगवेगळ्या खेपांचा मीडियाही तपासतात.

यात एक गोष्ट उलटी वाटेल. पेशी भराभर वाढवणारा मीडिया उत्पादनाच्या काळात सर्वोत्तम असेलच असं नाही. टाकीतली गर्दी ठरलेल्या पातळीवर ठेवण्यासाठी जादा पेशी रोज काढून टाकाव्या लागतात. याला ‘ब्लीड’ म्हणतात. या द्रवासोबत त्यातलं औषधही बहुतेक वेळा वाया जातं. पेशींची वाढ दिवसाला ३० टक्के असेल आणि मीडियाचा वेग १ असेल, तर रोजच्या उत्पादनातला जवळपास ३० टक्के भाग ब्लीडमध्ये जाईल. वाढ १० टक्क्यांवर आणली तर नुकसानही १० टक्क्यांवर येतं. म्हणून सुरुवातीला वाढीला पोषक आणि नंतर वाढ आवरून उत्पादनावर भर देणारा मीडिया, अशी विभागणीही करतात. काही जण त्यासाठी तापमान दोन-तीन अंशांनी कमी करतात.

वापरताना कुठे चुकतं?

उत्तम मीडिया निवडला तरी तो टाकीपर्यंत उत्तम स्थितीत पोहोचायला हवा. फेड-बॅचमध्ये तयार केलेला मीडिया बराचसा एकदम वापरला जातो. परफ्यूजनमध्ये तो पिशवीत किंवा टाकीत कित्येक दिवस वाट पाहत असतो. तेवढ्या काळात तो बदलतो.

उजेड. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, प्रकाशात तुटतं. सोबत ट्रिप्टोफॅनसारख्या अमिनो आम्लांचंही नुकसान होतं आणि पेशींना घातक असा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. त्यामुळे मीडियाच्या पिशव्या झाकून ठेवतात.

उष्णता. ग्लुटामिन खोलीच्या तापमानाला हळूहळू मोडतं आणि अमोनिया सोडतं. म्हणजे पेशींनी खाण्याआधीच कचरा तयार. थंडीत ठेवलं तर हे मंदावतं. पण थंडीत टायरोसिनसारखे घटक साका धरू शकतात. म्हणून किती अंशांवर किती दिवस, हे प्रत्येक मीडियासाठी प्रयोग करून ठरवावं लागतं.

कालवण्याचा क्रम. भुकटी पाण्यात घालताना घटकांचा क्रम, आम्लता आणि ढवळण्याचा वेळ महत्त्वाचा असतो. घाई केली तर काही घटक नीट विरघळत नाहीत. मग निर्जंतुक गाळणीत ते अडकतात आणि पेशींना मिळणारा मीडिया कागदावरच्या मीडियापेक्षा वेगळा होतो. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच स्वच्छ दिसतात.

फेस आणि फिल्टर. दाट पेशींना भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून बुडबुडे जास्त आणि फेसही जास्त. फेस मोडणारं द्रव्य घातलं की काम होतं. पण ते जास्त झालं तर पेशी अडवणाऱ्या फिल्टरवर थर बसतो. मेलेल्या पेशींचा चिकट गाळही तिथेच साठतो. फिल्टर चोंदला की औषध बाहेर न येता टाकीतच अडकतं. पोलोक्झामर कमी पडला तर पेशी फुटतात आणि गाळ आणखी वाढतो. म्हणजे मीडियातला एक साधा घटक फिल्टरचं आयुष्य ठरवू शकतो.

२००९ मधून उद्योग काय शिकला?

आता ऑल्स्टनकडे परत जाऊ. तिथे चूक कुठे झाली हे कळायला एक आकडा पुरेसा आहे.

मीडिया निर्जंतुक करताना तो ०.२ किंवा ०.१ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. ०.१ मायक्रॉन म्हणजे १०० नॅनोमीटर. जिवाणू त्यात अडकतात. पण वेसिव्हायरस ज्या कुळातला आहे, ते विषाणू साधारण २७ ते ४० नॅनोमीटरचे असतात. ते आरामात पार होतात.

सेरेझाइम परफ्यूजन पद्धतीने बनत होतं. दीर्घकाळ चालणाऱ्या टाकीत हजारो लिटर मीडिया जातो. त्यातल्या एखाद्याच खेपेत विषाणू असला तरी पुरतं. एकदा पेशीत शिरला की तो स्वतःच वाढतो. या विषाणूचा संशय गुरांपासून मिळणाऱ्या सीरमवर गेला. कंपनीने नंतर सांगितलं की २००८ मध्ये ऑल्स्टन आणि बेल्जियममधल्या गील इथल्या कारखान्यात उत्पादन घटलं होतं, त्यामागेही हाच विषाणू होता. तेव्हा तो नेहमीच्या चाचण्यांत सापडलाच नव्हता. त्यासाठी खास चाचणी तयार करावी लागली.

परिणाम मोठे झाले. अमेरिकेच्या एफडीएने मान्यता मिळण्याआधीच दोन पर्यायी औषधं गोशेच्या रुग्णांना देण्याची मुभा दिली. त्यातलं एक, व्हेलाग्लुसरेज, फेब्रुवारी २०१० मध्ये अधिकृतपणे मंजूर झालं. दुसरं, टॅलिग्लुसरेज, २०१२ मध्ये. हे दुसरं औषध गाजराच्या पेशींत तयार होतं. निर्मितीतल्या त्रुटींबद्दल जेन्झाइमला २०१० मध्ये एफडीएशी झालेल्या समझोत्यानुसार १७.५ कोटी डॉलर भरावे लागले. २०११ मध्ये सनोफीने ही कंपनी विकत घेतली.

त्यानंतर मीडियाकडे ‘कच्चा माल’ म्हणून नाही, तर ‘कारखान्याचा दरवाजा’ म्हणून पाहिलं जाऊ लागलं. आज तीन पातळ्यांवर पहारा असतो:

• प्राणिजन्य घटक शक्य तिथे काढून टाकणं.
• मीडियाला काही सेकंद १०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून लगेच थंड करणं. दुधाच्या पाश्चरायझेशनसारखं, पण अधिक कडक. यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका होण्याचा धोका असतो, म्हणून मीडिया हे सोसेल का ते आधी पाहतात.
• सुमारे २० नॅनोमीटरचे विषाणूही अडवणाऱ्या खास गाळण्या. त्या महाग असतात आणि मीडियातल्या काही घटकांनी चोंदतातही.

म्हणजे मीडिया निवडताना पेशींना तो आवडतो का, एवढंच विचारून भागत नाही. तो या पहाऱ्यातून न बिघडता जातो का, हेही विचारावं लागतं. पेशीमागे लागणारा मीडिया कमी असेल, तर गाळायचाही कमी. बचत आणि सुरक्षितता इथे एकाच आकड्याला येऊन भिडतात.

आपल्याशी याचा काय संबंध?

गोशेचे रुग्ण भारतातही आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे. नेमलेल्या केंद्रांमार्फत रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक. या आजारात एन्झाइमचं सलाइन साधारण दर दोन आठवड्यांनी, आयुष्यभर घ्यावं लागतं. त्यामुळे ही मर्यादा किती पटकन संपते, हा पालकांसमोरचा रोजचा प्रश्न आहे. औषधाच्या किमतीत संशोधन, पेटंट, बाजारपेठ असं बरंच काही येतं. पण ते बनवण्याचा खर्च हा त्यातला एक खरा भाग आहे आणि परफ्यूजनमध्ये मीडिया हा त्या खर्चाचा मोठा घटक.

महाराष्ट्रात या कामाची दोन टोकं दिसतात. मुंबईची हायमीडिया ही कंपनी जंतू आणि पेशी वाढवण्याचे मीडिया बनवते. पुण्याजवळ चाकणमध्ये अल्केम समूहातली एन्झीन ही कंपनी सलग चालणाऱ्या पद्धतीने जैविक औषधं बनवण्यावर काम करते. अशा सलग निर्मितीची सुरुवात परफ्यूजनच्या टाकीपासून होते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• परफ्यूजन म्हणजे पेशी टाकीत ठेवून मीडिया सतत बदलत राहणं. नाजूक प्रथिनांसाठी ही पद्धत खास उपयोगाची.
• मीडियाची तुलना लिटरच्या दरावर नाही, तर एका पेशीमागे दिवसाला किती लागतो आणि एका ग्रॅम औषधामागे किती खर्च होतो यावर करायची.
• मीडिया घट्ट करण्याला क्षारता, विरघळण्याची क्षमता आणि कचरा या तीन मर्यादा आहेत.
• पेशी सर्वाधिक वाढवणारा मीडिया हा सर्वाधिक औषध देणारा असेलच असं नाही.
• उजेड, तापमान आणि साठवणुकीचे दिवस मीडिया बदलतात. टाकीत पोहोचतो तोच खरा मीडिया.
• साध्या निर्जंतुक गाळणीतून विषाणू पार होतात. जे पेशींच्या पोटात जातं, त्याची तपासणी आधीच करावी लागते. नाहीतर त्याची किंमत शेवटी सलाइनची वाट पाहणारा रुग्ण मोजतो.